फुकटे थोडे, वैतागलेले जास्त

ग्रुप प्रोजेक्ट द्यायचा म्हटलं की वर्गात लगेच कुजबुज सुरू होते, आणि ऑफिसात "हे सगळ्यांनी मिळून करा" असा मेल आला की तिथेही तीच कुजबुज, फक्त ती चॅटवर होते. कारण पुढे काय होणार हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. चौघांतले एक-दोघं राबणार, एक जण शेवटच्या दिवशी उगवणार, आणि मार्क म्हणा किंवा कौतुक म्हणा, चौघांना सारखंच. मी कॉलेजमध्ये शिकवते, त्याआधी कंपनीत टीममध्ये काम केलंय, आणि दोन्हीकडे याचं एकच कारण ऐकलंय, की काही माणसं असतातच कामचोर, त्याला कोण काय करणार. मला हे कारण अजिबात पटत नाही. कामचोर नसतातच असं माझं म्हणणं नाही, असतात, पण आपण समजतो त्यापेक्षा बरेच कमी असतात, आणि ज्यांच्यावर आपण तो शिक्का मारतो त्यातले पुष्कळसे मुळात काम करायला तयार असलेले पण मधेच कुठेतरी वैतागून हात आखडता घेतलेले लोक असतात. बिहेवियरल इकॉनॉमिक्समध्ये, म्हणजे माणसं प्रत्यक्षात निर्णय कसे घेतात हे प्रयोगांनी तपासणाऱ्या अर्थशास्त्राच्या शाखेत, यावर इतकं सुंदर काम झालंय आणि ते स्टाफरूमपर्यंत किंवा एचआरपर्यंत फारसं पोचतच नाही याची मला मनापासून हळहळ वाटते, म्हणून ही पोस्ट. मोठी आहे, सवडीने वाचा.

आधी एक जुना प्रयोग. माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी इंजिनिअरने १८८० च्या दशकात माणसांना दोर खेचायला लावून त्यांचा जोर मोजला होता, निष्कर्ष छापले गेले १९१३ मध्ये. एकटा माणूस जितका जोर लावतो त्याच्या आठपट आठ जणांनी लावायला हवा ना, तर प्रत्यक्षात त्याच्या साधारण निम्माच भरला. आता यात दोन गोष्टी असू शकतात, एक तर सगळ्यांचा झटका एकाच क्षणी बसत नाही, किंवा मग प्रत्येक जण थोडं थोडं अंग चोरतो. १९७४ मध्ये अॅलन इंगहॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे वेगळं करून पाहिलं. खऱ्या माणसाला पुढे उभं केलं आणि मागची माणसं खेचायचं नुसतं नाटक करत होती, म्हणजे ताळमेळ चुकायचा प्रश्नच नाही, आणि तरीही पुढच्याचा जोर कमी झाला. मग १९७९ मध्ये लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी लोकांना जमेल तितक्या मोठ्याने ओरडायला आणि टाळ्या वाजवायला सांगितलं, तिथेही तेच, आपण ग्रुपमध्ये ओरडतोय असं वाटलं की आवाज कमी. पण मला यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा १९८१ चा प्रयोग, ज्यात ग्रुपमध्ये ओरडतानासुद्धा प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं लोकांना सांगितलं, आणि ही घसरण गायब झाली. माणसं तशीच, काम तेच, बदललं काय तर माझं काम माझं म्हणून दिसतंय की नाही एवढंच.

इथपर्यंत मानसशास्त्र झालं. पुढचा भाग अर्थशास्त्रज्ञांनी केला आणि तो मला जास्त आवडतो कारण त्यात माणसाला खरे पैसे मिळतात, त्यामुळे उगाच चांगलं दिसण्यासाठी कुणी चांगलं वागत नाही. खेळ असा असतो. चार जण, प्रत्येकाकडे २० टोकन. हवे तितके स्वतःकडे ठेवायचे, हवे तितके सामायिक खात्यात टाकायचे. खात्यात टाकलेल्या प्रत्येक टोकनमागे चौघांनाही ०.४ मिळतात, कुणी टाकलं ते बघायचं नाही. म्हणजे चौघांनी सगळेच्या सगळे टाकले तर प्रत्येकाला ३२, कुणीच नाही टाकले तर २० च राहतात. पण तिघांनी सगळे टाकले आणि मी एकटीने काहीच टाकलं नाही तर मला ४४ आणि त्या तिघांना प्रत्येकी २४. ग्रुप प्रोजेक्टचं याहून नेमकं गणित मला तरी दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही. फक्त स्वतःचा फायदा बघणारा माणूस इथे शून्य टाकणार, आणि जुनं अर्थशास्त्र म्हणायचं की सगळेच शून्य टाकणार.

प्रत्यक्षात तसं होत नाही. पहिल्या फेरीत लोक साधारण निम्म्याच्या आसपास टाकतात, अनोळखी लोकांसोबत, कुणाचं तोंडही न बघता. आणि मग फेरीमागून फेरी हा आकडा खाली खाली जात राहतो, दहाव्या फेरीपर्यंत बरेच जण शून्यावर आलेले असतात. सेमिस्टरच्या सुरुवातीचा उत्साह आणि शेवटची अवस्था आठवून बघा. तोच आलेख आहे.

आता खरा प्रश्न हा, की आकडा खाली का जातो. लोक हुशार होतात, फुकट खाण्यात फायदा आहे हे त्यांना कळतं, असं एक उत्तर होतं. जेम्स अँड्रिओनीने १९८८ मध्ये एक साधी गोष्ट केली, खेळ संपल्यावर त्याच लोकांना सांगितलं की आता परत पहिल्यापासून खेळायचंय, आणि आकडा पुन्हा वर उडाला. फायदा कशात आहे ते "शिकले" असते तर पुन्हा वर कशाला गेले असते? मग २००१ मध्ये फिशबाकर, गॅख्टर आणि फेर यांनी झुरिकमध्ये प्रत्येकाला सरळ विचारलं, बाकीचे सरासरी इतके टाकत असतील तर तू किती टाकशील, ० साठी सांग, १ साठी सांग, असं २० पर्यंत, आणि त्या उत्तरावर खरे पैसे अवलंबून ठेवले. त्यात साधारण ३० टक्के लोक पक्के फुकटे निघाले, इतरांनी काहीही करो हे शून्यच टाकणार. पण ५० टक्के लोक असे होते की इतर जितकं टाकतील त्या प्रमाणात आम्ही टाकू. तुम्ही करा, आम्हीही करतो. तुम्ही हात राखलात, मग आम्हीही राखू. यांना अटीवर सहकार्य करणारे म्हणतात आणि माझ्या मते कुठल्याही वर्गात, कुठल्याही टीममध्ये सगळा खेळ याच निम्म्या लोकांच्या हातात असतो.

या ५० टक्क्यांमध्ये एक बारीकशी गोष्ट होती जी पटकन नजरेतून सुटते. ते इतरांइतकंच टाकत नव्हते, इतरांपेक्षा किंचित कमी टाकत होते. अगदी किंचित. आता चौघं जण असे एकत्र आणा जे प्रत्येक वेळी इतरांच्या सरासरीपेक्षा जरासं कमी देतात, आणि दहा फेऱ्या चालवा. एकही फुकट्या नसला तरी आकडा खाली येणारच. आणि प्रयोगात निदान इतरांनी किती टाकलं हे आकड्यात दिसतं, खऱ्या आयुष्यात तेही दिसत नाही, तिथे आपण अंदाज बांधतो. अंदाज कसा बांधतो याचं उत्तर १९७९ मध्ये मायकल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी दिलंय, त्यांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती, आणि दोघांच्या वाट्यांची बेरीज बहुतेक कामांमध्ये शंभर टक्क्यांच्या वर गेली. मुद्दाम खोटं बोलत होते असं नाही, आपण केलेलं काम आपल्याला आठवतं, रात्री जागून दुरुस्त केलेला तक्ता आठवतो, पण दुसऱ्याने त्याच रात्री केलेले फोन आपण पाहिलेलेच नसतात.

हे दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवून बघा, मला तर यातच सगळं उत्तर दिसतं. इतर जितकं करतात त्याहून जरासं कमी करणारी माणसं, आणि इतरांचं काम त्यांना खऱ्यापेक्षा कमीच दिसतं. म्हणजे चौघं प्रामाणिक असले, चौघांनी सारखंच काम केलं, तरी प्रत्येकाला वाटणार मीच जास्त करतोय, प्रत्येक जण किंचित कमी करणार, ते इतरांना आणखी कमी दिसणार, आणि महिन्याभरात सगळे पाट्या टाकायला लागलेले. त्यात एक खराखुरा फुकट्या असला तर घसरण आणखी जोरात, सुक्याबरोबर ओलंही जळतं. आणि शेवटी प्रत्येक जण येऊन मला हेच सांगणार की मॅडम बाकीचे काही करतच नव्हते. चौघंही खरं बोलत असतात, त्यांना दिसलं तसं.

म्हणून टीमवर्कवरची भाषणं, पोस्टर, एकत्र सहली, यातून काही हाती लागत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. लोकांची इच्छा सुरुवातीला असतेच, ती टिकवायला लागते, आणि टिकते ती दुसऱ्याचं काम डोळ्याला दिसल्यावर.

दिसण्याबद्दल कामाच्या जागेवरचा एक फार छान अभ्यास आहे, अलेक्झांडर मास आणि एन्रिको मोरेट्टी यांचा, २००९ चा. त्यांनी एका सुपरमार्केट चेनमधल्या कॅशियरचा वेग तपासला, स्कॅनिंगच्या नोंदी होत्याच. एखादी वेगवान कॅशियर शिफ्टला आली की बाकीच्यांचा वेगही वाढायचा. पण सगळ्यांचा नाही. ज्यांची पाठ तिला दिसते, म्हणजे ज्यांच्याकडे तिची नजर जाऊ शकते, त्यांचाच वाढायचा. तिच्या पाठीमागे असलेल्यांना ती दिसत असूनही फरक पडत नव्हता. म्हणजे वेगवान माणसाकडे बघून स्फूर्ती येते वगैरे नाही, तिने आपल्याला बघणं महत्त्वाचं.

पण इथे थांबलं तर चुकीचा अर्थ निघेल, की चला, सगळ्यांवर नजर ठेवा, कॅमेरे लावा, प्रत्येकाच्या स्क्रीनचे फोटो काढा. तसं नाही, आणि याचं उत्तर फळं तोडणाऱ्या मजुरांवरच्या एका अभ्यासात आहे. ओरियाना बांदिएरा, इव्हान बरान्काय आणि इम्रान रसूल यांनी इंग्लंडमधल्या एका फळबागेत पाहिलं. तिथे आधी मजुरी अशी होती की तुझा वेग त्या दिवशीच्या सरासरीच्या तुलनेत किती यावर पैसे, म्हणजे मी जोरात तोडलं की माझ्या मैत्रिणीचे पैसे कमी. मग मालकाने हिशोब बदलून सरळ किलोवर पैसे सुरू केले आणि तोडणी किमान ५० टक्क्यांनी वाढली. त्याच माणसांची. म्हणजे आधी सगळे जण एकमेकांसाठी हळू तोडत होते, आणि गटात मित्र जास्त असले की आणखी हळू. आणि गंमत अशी की हे फक्त बुटक्या झाडांच्या फळाला होत होतं, जिथे एकमेकांचं काम दिसतं. उंच झुडपांच्या फळाला, जिथे शेजारची ओळ दिसत नाही, तिथे हे सहकार्य नव्हतं. म्हणजे एकमेकांचं दिसत होतं, सहकार्यही पक्कं होतं, पण ते काम न करण्याचं होतं, कारण जोरात काम केल्याने आपल्याच माणसाचं नुकसान होत होतं.

हे वाचल्यापासून मला तुलनेवर मार्क देण्याच्या पद्धतीचा खरंच राग येतो. वर्गातल्या ठरावीक टक्के मुलांनाच वरची ग्रेड मिळणार असं आधी जाहीर करायचं आणि मग म्हणायचं एकत्र अभ्यास करा, नोट्स शेअर करा. का करतील? माझ्या नोट्सने तू वर गेलास की मी खाली. ऑफिसात तेच, टीममधल्या इतक्या जणांना "कमी कामगिरी" मध्ये टाकायचंच अशी सक्ती असली की कुठला शहाणा माणूस नव्या सहकाऱ्याला मन लावून शिकवेल? मायक्रोसॉफ्टने अशी रँकिंगची पद्धत २०१३ मध्ये बंद केली तेव्हा टीमवर्क वाढावं हे कारण उघडपणे दिलं होतं. कॉलेजं अजून पुष्कळ ठिकाणी तिथेच आहेत.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. कुठलं काम दिसतं आणि कुठलं दिसतच नाही. प्रेझेंटेशन करणारा दिसतो. कोड लिहिणारा दिसतो. पण मीटिंगची वेळ जुळवणं, मिनिट्स म्हणजे मीटिंगमध्ये काय ठरलं ते लिहिणं, चौघांनी चार फॉन्टमध्ये पाठवलेलं एकत्र लावणं, रुसलेल्याला परत आणणं, नवीन आलेल्याला कुठली फाईल कुठे आहे ते सांगणं, हे कुणाच्या नावावर चढत नाही. आणि हे काम कोण करतं? लिंडा बॅबकॉक, मारिया रेकाल्डे, लिझ वेस्टरलुंड आणि लॉरी वाइनगार्ट यांनी २०१७ मध्ये एक प्रयोग छापला. तिघांचा ग्रुप, कॉम्प्युटरवर दोन मिनिटं. कुणीच बटण दाबलं नाही तर प्रत्येकाला एक डॉलर. एकाने दाबलं तर दाबणाऱ्याला सव्वा आणि बाकी दोघांना दोन-दोन. म्हणजे कुणीतरी दाबावं असं प्रत्येकाला वाटतं, पण ते मी नको. शेवटच्या काही सेकंदांपर्यंत सगळे थांबून राहायचे. मिश्र गटांमध्ये बायका पुरुषांपेक्षा सुमारे ४८ टक्के जास्त वेळा पुढे यायच्या. पण फक्त पुरुषांचा किंवा फक्त बायकांचा गट केला की फरकच नाहीसा, पुरुषांच्या गटातही कुणीतरी बटण दाबतच होतं. म्हणजे बायकांचा स्वभावच सेवाभावी असतो वगैरे जे बोललं जातं ते यात दिसत नाही, दिसते ती अपेक्षा, की खोलीत बाई असली तर ती करेल, आणि ही अपेक्षा सगळ्यांचीच, बायकांचीसुद्धा. पुढे त्यांनी एका व्यक्तीला बाकीच्यांपैकी कुणालाही बटण दाबायची विनंती करता येईल असं केलं, तर बायकांना ४४ टक्के जास्त विनंत्या गेल्या, आणि बायकांनी ७६ टक्के वेळा हो म्हटलं, पुरुषांनी ५१ टक्के.

मी कितीतरी वर्गांमध्ये हे बटण दाबताना मुलींना पाहिलंय. ग्रुप ठरल्या ठरल्या डॉक्युमेंट उघडून चौघांना जोडणारी मुलगी असते, आणि तोंडी परीक्षेत मुख्य काम काय ते सांगणारा मुलगा असतो, आणि यात कुणाचा दुष्टपणा नसतो, पण मार्क मुलाच्या सांगण्यावर पडतात. हेच पुढे नोकरीत जातं. हेदर सारसन्स यांनी अर्थशास्त्राच्याच प्राध्यापकांचा अभ्यास केला, कायम नोकरी कुणाला मिळते यावर. एकटीने लिहिलेल्या रिसर्च पेपरचं श्रेय बाईला पुरुषाइतकंच मिळत होतं. पण पुरुषांसोबत मिळून लिहिलेल्या पेपरचं श्रेय मात्र तिला बरंच कमी मिळत होतं. कोणी काय केलं हे माहीत नसलं की बघणारा स्वतःच्या समजुतीप्रमाणे जागा भरतो. अर्थशास्त्रात लेखकांची नावं आडनावाच्या वर्णक्रमाने लावायची पद्धत आहे, त्यामुळे नाव कितव्या नंबरवर आहे यावरून काहीच कळत नाही, त्यात आणखी लिरन आयनाव आणि लिअट यारिव यांनी २००६ मध्ये दाखवलं की वर्णमालेत आधी येणाऱ्या आडनावांच्या लोकांना नामांकित विभागांत कायम नोकरी मिळण्याची शक्यता जास्त. आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून!

बरं, मग करायचं काय. पहिला विचार सगळ्यांच्या मनात दंडाचा येतो. उशीर केला मार्क कापा, मीटिंगला नाही आला मार्क कापा. इथे उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी यांचा २००० चा पाळणाघरांचा अभ्यास सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या काही पाळणाघरांनी मुलाला न्यायला उशीर केला तर १० शेकेल दंड लावला, आणि उशिरा येणाऱ्या पालकांची संख्या वाढली, जवळपास दुप्पट झाली. आधी शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याचा संकोच होता, आता तो पैसे भरून फिटायला लागला. आणि दंड काढून टाकल्यावरही आकडा खाली आला नाही. दोन मार्क कापून जेव्हा एखादा मुलगा निवांतपणे मीटिंग चुकवतो तेव्हा तो हेच करतो, त्याने ती सुट्टी विकत घेतलेली असते.

मग दुसरा विचार, सहकाऱ्यांनीच एकमेकांना धरावं. फेर आणि गॅख्टर यांनी २००० मध्ये त्याच टोकनच्या खेळात एक सोय दिली, स्वतःचे थोडे पैसे खर्च करून दुसऱ्याचे कापता येतील. आणि लगेच सहकार्य वर गेलं, तोच ग्रुप कायम ठेवला तर जवळजवळ पूर्ण सहकार्यापर्यंत. मला वाचताना फार भारी वाटलं होतं, पण २००८ मध्ये हेरमान, थोनी आणि गॅख्टर यांनी हाच खेळ जगातल्या १६ ठिकाणच्या विद्यार्थ्यांसोबत खेळला आणि काही ठिकाणी लोक फुकट्यांना सोडून जास्त देणाऱ्यांनाच शिक्षा करायला लागले. "फार शहाणा बनतोस का" हा प्रकार. तिथे शिक्षेने सहकार्य फारसं वाढलंच नाही. म्हणून एकमेकांना गुपचूप मार्क द्या असा फॉर्म वाटून मोकळं होणं धोक्याचं आहे, कुठल्या वर्गात तो फॉर्म कामसू पोराला ठोकायला वापरला जाईल सांगता येत नाही.

तिसरा उपाय शिक्षकांच्या फार आवडीचा, हुशार आणि कच्च्या मुलांना एकत्र बसवा. अमेरिकेच्या एअर फोर्स अकादमीत कॅरेल, सॅसरडोट आणि वेस्ट यांनी हे अगदी पद्धतशीर केलं, आधीच्या आकडेवारीवरून कच्च्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा होईल असे गट पाडले. आणि कच्ची मुलं उलट आणखी मागे पडली, नेहमीसारख्या गटांतल्या तशाच मुलांपेक्षाही मागे. कारण गटाच्या आत हुशार हुशारांसोबत आणि कच्चे कच्च्यांसोबत असे दोन कंपू झाले. गट आपण पाडतो, पण जेवायला कुणी कुणासोबत बसायचं ते आपल्या हातात नसतं ना.

एवढं सगळं वाचून माझ्या वर्गात मी काय करते ते सांगते. गट तीन-चारचाच, मोठा नाही. कामाची यादी गटानेच करायची आणि त्यात जुळवाजुळवीची कामं नावानिशी लिहायची, मिनिट्स, एकत्र लावणं, वेळ ठरवणं, आणि ती पाळीने फिरवायची, कारण पाळी असली की बटणाकडे बघत कुणाला थांबावं लागत नाही. नियमही त्यांचेच त्यांनी ठरवायचे. एलिनॉर ऑस्ट्रॉम, ज्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी सामायिक कुरणं, पाट, मासेमारी यांवर आयुष्यभर काम केलं आणि जे समूह टिकले त्यांच्यात हेच सापडलं, नियम वापरणाऱ्यांनीच ठरवलेले, लक्ष ठेवणारे त्यांच्यातलेच, आणि शिक्षा आधी हलकी, मग चढत जाणारी. पहिल्या चुकीला फाशी नाही. माझ्याकडेही आधी गटातच बोलायचं, मग माझ्यासमोर, आणि मार्कांचा विषय सगळ्यात शेवटी.

सेमिस्टरच्या मध्यावर मी सगळ्या गटांना पुन्हा सुरुवात करायला लावते, नवी यादी, नव्या पाळ्या, मागचं सगळं बाजूला. अँड्रिओनीच्या खेळात उडाला तसा आकडा इथेही वर उडतो, दरवेळी नाही, पण बऱ्याचदा. ऑफिसात तिमाही संपल्यावर हे करायला काय हरकत आहे मला कळत नाही.

आणि तुझा वाटा किती टक्के असं मी कधीच विचारत नाही. बाकीच्या प्रत्येकाने केलेली एकेक ठोस गोष्ट आधी लिही, मग स्वतःची. सॅव्हिट्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं होतं की "बाकीचे" असा एक गठ्ठा न धरता एकेकाचा वेगळा विचार करायला लावलं की स्वतःच्या वाट्याचा फुगवटा कमी होतो. हे खरंच होतं, मुलं लिहिता लिहिता थांबतात, अरे हो, सर्व्हेचे फॉर्म तर तिनेच भरून आणले होते.

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला अजून सतावते. यूजीन करुसो, निकोलस एप्ली आणि मॅक्स बेझरमन यांनी २००६ मध्ये सहलेखक प्राध्यापकांना हाच विचार करायला लावला. फुगवटा कमी झाला, पण ज्यांनी खरंच जास्त काम केलं होतं त्यांची त्याच लोकांसोबत परत काम करायची इच्छा कमी झाली. साहजिक आहे. नीट हिशोब मांडल्यावरही आपणच जास्त केलं असं निघालं, मग आता समजुतीलाही जागा उरली नाही. अशा मुलांना पुढच्या प्रोजेक्टला सोबती निवडायची मुभा मी देते. पेज, पुटरमन आणि उनेल यांच्या २००५ च्या प्रयोगात लोकांना आपापल्या पसंतीने गट बदलता येत होते आणि तिथे देणं बऱ्यापैकी वाढलं, कारण चांगल्यांसोबत राहायचं तर चांगलं वागणं भाग होतं.

पण मुभा दिली की शेवटी दोन-तीन जण असे उरतात ज्यांना कुणीच निवडत नाही. त्यांचा उरलेला गट करायचा आणि सोडून द्यायचं हे मला जमत नाही, कारण त्यात एखादा पक्का फुकट्या असेलही, पण एखादी मुलगी अशीही असते जी मागच्या गटात दोन महिने एकटी राबून मग गप्प झाली होती आणि बाकीच्यांच्या लक्षात तिचं फक्त गप्प होणं राहिलं. त्यामुळे त्या गटाच्या पहिल्या काही बैठकांना मी स्वतः बसते, आणि पहिल्या दिवशी यादीतलं सगळ्यात छोटं काम प्रत्येकाने तिथेच, एकमेकांसमोर पूर्ण करायचं, मगच घरी जायचं. तुमच्यापैकी कुणी शिकवत असेल किंवा टीम सांभाळत असेल आणि अशा उरलेल्यांसाठी याहून बरं काही करत असेल तर मला नक्की सांगा, मला खरंच हवंय ते.